बोर्डी आणि कोसबाडच्या शाळांचा इतिहास : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोर्डी नेमके कोठे आहे आणि एवढ्याशा गावातील शाळेचा इतिहास स्वतंत्रपणे का सांगावा लागतो?

बोर्डी हे पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील, गुजरातच्या सीमेला जवळजवळ टेकलेले समुद्रकाठचे गाव आहे. जवळचे रेल्वे स्थानक घोलवड. डहाणूपासून अंतर साधारण सतरा किलोमीटर. सुरूची झाडे, चिकूच्या वाड्या आणि पारशी-इराणी बागाईतदारांची घरे ही या पट्ट्याची ओळख, तर किनाऱ्यापासून थोडे आत, पूर्वेकडे वळले की वारली आणि इतर आदिवासी समाजांचे पाडे लागतात. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात होता, त्यामुळे जुन्या लेखनात बोर्डीचा उल्लेख ठाणे जिल्ह्यातील गाव म्हणूनच येतो.

गावोगावी शाळा निघाल्या, वाढल्या, त्यांचे सुवर्णमहोत्सव झाले. बोर्डीचे वेगळेपण असे की येथे १९४५ साली सुरू झालेल्या बालवाडीला, मुले शाळेत येत नाहीत हे दिसल्यावर, आपली जागा, वेळ, साधने आणि शेवटी स्वतःचे गावसुद्धा बदलावे लागले आणि तिने ते बदलले. मुले का येत नाहीत, याचे उत्तर पालकांच्या अडाणीपणात शोधण्याची सोय तेव्हाही होती आणि बहुतेक संस्थांनी ती वापरली.

बोर्डीतील पहिली नावाजलेली शाळा म्हणजे हीच बालवाडी का?

नाही. बालवाडीच्या आधी पंचवीस वर्षे, १९२० साली, येथे माध्यमिक शाळा सुरू झाली होती. सुनाबाई पेस्तनजी हकीमजी हायस्कूल हे तिचे नाव, आणि गोखले एज्युकेशन सोसायटी ही तिची संस्था. शहरापासून दूर असलेल्या एका लहान गावात त्या काळी इंग्रजी शिक्षणाची माध्यमिक शाळा असणे ही साधी गोष्ट नव्हती. या हायस्कुलाला आचार्य शं. रा. भिसे यांच्यासारखे मुख्याध्यापक आणि चित्रे गुरुजींसारखे शिक्षक लाभले. दोघांनी आपले काम शाळेच्या भिंतींपुरते मर्यादित मानले नाही. बाळासाहेब खेर यांनी १९४० च्या सुमारास उभारलेल्या आदिवासी सेवा मंडळाच्या कार्यातही आचार्य भिसे यांचा वाटा होता.

हायस्कुलाचा उल्लेख पुष्कळदा एका ओळीत उरकला जातो. तो तसा उरकू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढे ही बालवाडी सुरू करणाऱ्या ताराबाई मोडक बोर्डीला आल्या तेव्हा त्या ओसाड जागी आल्या नव्हत्या. शिक्षणाचा मान राखणारे गाव, स्थानिक लोकांचा विश्वास मिळवलेले शिक्षक आणि पाठीशी उभी राहू शकणारी मंडळी तेथे आधीपासून होती. बालवाडीची मुळे या जमिनीत रुजली.

ताराबाई मोडक कोण होत्या आणि मुंबई सोडून त्या बोर्डीला का आल्या?

ताराबाईंचा जन्म १८९२ साली मुंबईत, प्रार्थना समाजाच्या वातावरणातील केळकर कुटुंबात झाला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीत होत्या. तो विवाह टिकला नाही, आणि पुढे राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांनी काम केले. हे पद प्रतिष्ठेचे होते. तरीही १९२३ साली त्या ते सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाईंनी दक्षिणामूर्ती संस्थेत १९२० पासून बालमंदिर चालवले होते, आणि मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीला भारतीय घराचे आणि भाषेचे वळण देण्याचा तो पहिला गंभीर प्रयत्न होता. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघत होती. पुढे ताराबाईंनी ती मराठीतही आणली.

१९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार सुरू केले. ते चांगले चालले, पालकांचा प्रतिसाद उत्तम होता, शिक्षिका तयार होत होत्या. परंतु त्यात येणारी मुले प्रामुख्याने पांढरपेशा घरांतली होती, आणि बालशिक्षण ही केवळ शहरातील सुखवस्तू कुटुंबांची चैन ठरते की काय, हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देत नव्हता. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्राम येथे झालेल्या परिषदेत गांधीजींची नयी तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची योजना, सात ते चौदा या वयोगटाच्या पलीकडे, जन्मापासून पुढच्या सर्व आयुष्यापर्यंत विस्तारली गेली आणि त्यामुळे पूर्वप्राथमिक वयाच्या ग्रामीण मुलांचा विचार ऐरणीवर आला. त्याच वर्षी ताराबाईंनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे.

अनुताई वाघ या कामात कशा आल्या?

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्यानंतर घरच्यांनी त्यांना शिकू दिले, हे त्या काळाचा विचार करता लक्षात ठेवण्याजोगे आहे. अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन त्यांनी आधी नाशिक जिल्ह्यात आणि नंतर पुण्याच्या हुजुरपागा शाळेत शिकवले. नोकरी सांभाळून रात्रशाळेतून त्या मॅट्रिक झाल्या.

कस्तुरबा गांधी यांच्या निधनानंतर त्यांच्या नावे उभारलेल्या निधीतून ग्रामसेविकांसाठी प्रशिक्षण शिबिरे होऊ लागली होती. बोरिवलीच्या अशा शिबिरात अनुताई दाखल झाल्या आणि तेथेच त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. ताराबाईंना खेड्यात राहून काम करणारी सहकारी हवी होती, अनुताईंना खेड्यात काम हवे होते. पुण्याची कायम नोकरी सोडून पस्तिसाव्या वर्षी अनुताई बोर्डीला आल्या. त्यानंतरचे त्यांचे सारे आयुष्य याच परिसरात गेले.

दोघींच्या स्वभावात आणि पार्श्वभूमीत बरेच अंतर होते. ताराबाई सिद्धान्तात मुरलेल्या, लिहित्या, राज्याच्या विधिमंडळापर्यंत पोहोचलेल्या; अनुताई मातीत बसून मुलांचे नाक पुसणाऱ्या, अडचणीत मार्ग काढण्यात पटाईत. ‘गुरू-शिष्या’ असे त्यांचे वर्णन नेहमी केले जाते आणि अनुताईंनीही ताराबाईंना गुरुस्थानी मानले. परंतु या प्रयोगातील निम्म्याहून अधिक गोष्टी रोजच्या व्यवहारातून सुचलेल्या आहेत, आणि तो व्यवहार अनुताईंनी सांभाळला, हे विसरता येत नाही.

त्या काळी या भागाची परिस्थिती कशी होती?

ज्या वर्षी बोर्डीत बालवाडी उघडली, त्याच वर्षी तलासरी-उंबरगाव-डहाणू भागात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा लढा उभा राहिला. आदिवासी कुटुंबांच्या जमिनी सावकार आणि जमीनदारांकडे गेलेल्या होत्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जोडपेच्या जोडपे मालकाच्या दारी राबत असे आणि अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हटले जाई. वेठीला नकार देणाऱ्याला मारहाण ठरलेली होती. बालशिक्षणाच्या इतिहासात ही पार्श्वभूमी सहसा सांगितली जात नाही आणि वारल्यांच्या लढ्याच्या इतिहासात बालवाडीला जागा मिळत नाही. दोन्ही प्रवाहांचे मार्ग आणि विचार निराळे होते. तरी घरातील मूल शाळेऐवजी रानात का आहे, हे समजण्यासाठी घरातील मोठे माणूस कोणाच्या शेतावर आहे, हे आधी माहीत असावे लागते.

बालवाडी सुरू झाल्यावर पहिली अडचण कोणती आली?

मुले आली, पण सगळी आली नाहीत. गावात मध्यवर्ती बालवाडी उघडली, साधने मांडली, तरी दलित वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकली नाहीत. वस्ती गावाबाहेर, आईबाप दिवस उजाडताच कामावर गेलेले, अडीच-तीन वर्षांच्या मुलाला एवढ्या लांब आणून सोडणार कोण? शिवाय, आपले मूल त्या बाकीच्या मुलांत चालेल का, ही धास्ती होतीच. अस्पृश्यतेच्या अनुभवावरून ती अनाठायी म्हणता येणार नाही.

यावर ताराबाईंनी आणि अनुताईंनी काढलेला तोडगा म्हणजे बालवाडीच वस्तीत नेणे. एखाद्या घराचे अंगण झाडून घ्यायचे, तेथेच मुले जमवायची, तेथेच साधने मांडायची, तेथेच गाणी आणि गोष्टी. अंगणात चालते म्हणून ती अंगणवाडी. मध्यवर्ती बालवाडीपेक्षा हा प्रकार स्वस्त होता आणि त्याला इमारत लागत नव्हती, हे फायदे खरे. परंतु त्याहून मोठी गोष्ट अशी की घराच्या अंगणात चाललेले शिक्षण आई आणि आजी उंबऱ्यात बसून पाहू लागल्या. मुलांबरोबर त्यांचेही शिक्षण होऊ लागले.

तेथील दिवस कसा असे?

दिवसाची सुरुवात पाटी-पेन्सिलीने होत नसे. ती पाण्याने होई. मुलांचे हातपाय धुणे, आंघोळ, नखे कापणे, डोक्याला तेल लावून केस विंचरणे, खरजेवर आणि डोळ्यांवर औषधपाणी, हा पहिला तास. आदिवासी आणि दलित वस्तीत पाणी दूरवरून आणावे लागे, तेव्हा ‘रोज आंघोळ करून या’ असे सांगण्याला अर्थ नव्हता, म्हणून आंघोळ हाच अभ्यासक्रमाचा भाग झाला. त्यानंतर प्रार्थना-गाणी, साधनांवर काम, बागकाम, गोष्ट, आणि परिस्थितीप्रमाणे काही खाणे. शहरी पालकांना यात ‘शिकवणे’ कोठे आहे, असा प्रश्न पडत असे, अजूनही पडतो. तेलाची वाटी, फणी आणि स्वच्छ फडके घेऊन बसलेली बाई मुलाशी बोलते, त्याच्या अवयवांची नावे घेते, एक-दोन-तीन करत बोटे मोजते, तेव्हा भाषा आणि गणित दोन्ही चालू असतात. फक्त त्याला तासिका म्हटलेले नसते.

ही माँटेसरी शाळा होती का?

मूळ प्रेरणा माँटेसरीचीच होती. मूल स्वतःहून शिकते, इंद्रियांच्या द्वारे शिकते, त्याला स्वातंत्र्य आणि नीट मांडलेले वातावरण हवे, मारणे आणि बक्षीस दोन्ही टाळावे, ही सूत्रे बोर्डीत कायम राहिली. बदलली ती सामग्री. माँटेसरीचे मनोरे, ठोकळे आणि दट्ट्यांच्या पेट्या परदेशी मापाने बनवलेल्या आणि महाग. खेड्यातील बालवाडीला त्या परवडणाऱ्या नव्हत्या आणि मुलांच्या आयुष्याशी त्यांचा संबंधही नव्हता.

बोर्डीला समुद्र होता. वाळूत सापडणारे शंख-शिंपले लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लावले की आकारमानाची ओळख होते. चिंचोके, गुंजा आणि निरनिराळ्या बिया वेगळ्या काढायला दिल्या की वर्गीकरण येते आणि चिमटीचे स्नायू तयार होतात, ज्यांची पुढे लिहिताना गरज लागते. झाडांची पाने खरखरीत-गुळगुळीत अशी बोटांनी ओळखता येतात. माती मळता येते, खडे मोजता येतात, करवंटीने पाणी ओतता येते. अशा साधनांचा दुसरा गुण म्हणजे ती हरवली तर शिक्षिकेचा जीव वर-खाली होत नाही. कपाटाला कुलूप लावून जपलेली साधने ही आपल्याकडील अनेक शाळांची जुनी दुखरी जागा आहे, आणि शिंपल्याला कोणी कुलूप लावत नाही.

मग १९५७ साली संस्था कोसबाडला का गेली?

बोर्डी हे गाव असले तरी त्याची घडण किनाऱ्यावरील सुस्थित गावाची होती. जी मुले शिक्षणापासून सर्वांत दूर होती ती डोंगराकडच्या पाड्यांत राहत होती, आणि बोर्डीत बसून त्यांच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. १९५७ साली नूतन बालशिक्षण संघाने आपले केंद्र डहाणू तालुक्यातीलच कोसबाडच्या टेकडीवर हलवले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. बोर्डीतील स्थिरावलेले काम सोडून त्या वयात नव्याने मांडणी करण्याचा हा निर्णय या साऱ्या इतिहासातील सर्वांत धाडसी निर्णय मानावा लागेल.

‘कुरणशाळा’ म्हणजे काय?

कोसबाडला आल्यावर दिसले की पाड्यांवरील सहा-सात वर्षांपुढची मुले दिवसभर गुरांमागे असतात. गुरे कधी स्वतःची, पुष्कळदा दुसऱ्याची. ते मूल शाळेत बसवायचे तर त्याची त्या दिवसाची कमाई किंवा घरातील त्याच्या वाट्याचे काम बुडते. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा अशा वेळी कागदावर राहतो, कारण पोट कायदा वाचत नाही.

म्हणून शाळा कुरणात गेली. गुरे जेथे चरतात तेथे, झाडाखाली, शिक्षक साहित्य घेऊन पोहोचत. मुलांचे एक लक्ष गुरांकडे, एक शिकण्याकडे. झाडे, पक्षी, किडे, गवताचे प्रकार यांविषयी या मुलांना शिक्षकापेक्षा जास्त ठाऊक असे, आणि चांगला शिक्षक त्या ज्ञानापासूनच सुरुवात करी. मोजणीला गुरे होती, अक्षरे काढायला माती होती. दिवसा अजिबात न सापडणाऱ्या मुलांसाठी रात्रीचे वर्गही चालवले गेले.

कुरणशाळेचे वर्णन अनेकदा फार रम्य केले जाते. प्रत्यक्षात ऊन, पाऊस, रानात भरकटलेले जनावर आणि रोज बदलणारी हजेरी यांतून ती चालवणे कष्टाचे होते. मुलांनी गुरे राखावीत हे ताराबाई-अनुताईंना आदर्श वाटत होते असेही नाही. मूल रानात आहे ही वस्तुस्थिती मान्य करून, ती बदलेपर्यंत त्याला शिक्षणाविना ठेवायचे नाही, एवढाच त्यामागचा विचार होता.

‘विकासवाडी’ आणि बालवाडी एकच का?

नाही, आणि येथे बहुतेकांचा गोंधळ होतो. विकासवाडी म्हणजे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एका आवारात आणून केलेली रचना. तिचे कारण व्यवहारातून आले. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. भावंडाला घेऊन आली तर वर्गात ते रडते, आणि तिला परत पाठवले जाते. तेच भावंड शेजारच्या पाळणाघरात ठेवता आले, मधले बालवाडीत गेले, की मोठी मुलगी मोकळ्या मनाने पहिली-दुसरीत बसू शकते. तिन्ही वयोगट एकमेकांना दिसत राहिल्याने बालवाडीतून पहिलीत जाताना होणारी गळतीही कमी होते, असा संस्थेचा अनुभव होता. मुलींच्या शिक्षणावर आजवर झालेल्या भाषणांपेक्षा हे पाळणाघर अधिक उपयोगी पडले, असे म्हणायला हरकत नाही.

शिक्षिका कोठून आल्या?

शहरातून प्रशिक्षित शिक्षिका बोलावून पाड्यांवर टिकत नाहीत, हे लवकर लक्षात आले. त्यामुळे बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालसेविकांचे प्रशिक्षण हा कामाचा मोठा भाग झाला. स्थानिक, थोडे शिकलेल्या स्त्रियांना मुलांशी वागण्याची रीत, आरोग्याची प्राथमिक माहिती, गाणी-गोष्टी आणि परिसरातील वस्तूंपासून साधने तयार करणे शिकवले जाई. येथून शिकून गेलेल्या स्त्रियांनी इतर ठिकाणी बालवाड्या चालवल्या.

आजच्या सरकारी अंगणवाडीचा उगम बोर्डीत आहे का?

केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्या गावपातळीवरील केंद्रांना अंगणवाडी म्हणतात. वस्तीतच केंद्र, स्थानिक स्त्री कार्यकर्ती, आरोग्य आणि शिक्षण यांचा एकत्र विचार, हे सारे बोर्डीत तीस वर्षे आधी करून पाहिलेले होते. परंतु सरकारी योजनेचा मुख्य भर कुपोषण, लसीकरण आणि पूरक आहारावर होता, तर बोर्डी-कोसबाडच्या अंगणवाडीच्या केंद्रस्थानी मुलाचे शिकणे होते. प्रत्यक्षात आजच्या सेविकेवर नोंदवह्या, वजने, आहारवाटप आणि सर्वेक्षणांचा इतका भार असतो की साधने मांडून मुलांबरोबर बसायला तिला वेळ उरत नाही. तेव्हा सरकारी केंद्राला बोर्डीचा थेट वारस म्हणणे हे अर्धे सत्य ठरते.

या कामाची सार्वजनिक दखल घेतली गेली का?

घेतली गेली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८४ साली पद्मश्री आणि १९८५ साली जमनालाल बजाज पुरस्कार.

ताराबाईंच्या पश्चात काम थांबले का?

ताराबाईंचे १९७३ साली निधन झाले. त्यानंतर कोसबाडची सूत्रे अनुताईंनी सांभाळली, आणि ती नुसती सांभाळली असे नाही. स्त्रियांसाठी त्यांनी ‘सावित्री’ हे मासिक चालवले, मूकबधिर मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष वळवले आणि १९८० च्या दशकात प्रा. रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही संस्था उभी केली. कोसबाडहूनही आत, दाभोणसारख्या आदिवासी गावात त्यांनी पुन्हा नव्याने सुरुवात केली, तीही सत्तरी ओलांडल्यावर. २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

या इतिहासाविषयी कोणते चुकीचे उल्लेख वारंवार आढळतात?

पहिला, काम १९५७ साली कोसबाडला सुरू झाले, हा. ते १९४५ साली बोर्डीला सुरू झाले; कोसबाड हा दुसरा टप्पा आहे. दुसरा, अंगणवाडी ही कल्पना आदिवासी पाड्यांवर जन्मली, हा. ती बोर्डीत, दलित वस्तीतील मुलांच्या गैरहजेरीतून आली, आणि हा तपशील गाळला की जातीचा प्रश्नच कथेतून गळून पडतो. तिसरा, गिजुभाई बोर्डीच्या प्रयोगात सहभागी होते, हा. गिजुभाईंचे निधन १९३९ साली झाले. बोर्डीत त्यांचा विचार होता, ते स्वतः नव्हते. चौथा उल्लेख हायस्कूल आणि बालवाडी एकाच संस्थेच्या मानण्याचा आहे. हायस्कूल गोखले एज्युकेशन सोसायटीचे, तर बालवाडीचे काम नूतन बालशिक्षण संघाचे. गाव एक आणि माणसांचा परस्परांशी स्नेह असल्यामुळे ही सरमिसळ होते.